तपासणीसाठी काढलेली पानथरी

१९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या रुग्णालयात हॉजकिन लिम्फोमाच्या रुग्णांवर एक मोठी शस्त्रक्रिया नेमानं होऊ लागली. रुग्ण बरेचसे तरुण, मानेत किंवा काखेत गाठ आली म्हणून आलेले. त्यांचं पोट मधोमध उघडायचं, यकृताचे तुकडे तपासायला घ्यायचे, महाधमनीलगतच्या लसिका ग्रंथी काढायच्या आणि प्लीहा, म्हणजे पानथरी, अख्खी काढून टाकायची. या शस्त्रक्रियेनं आजार बरा व्हावा अशी अपेक्षाच नव्हती. आजार पोटात उतरलाय की नाही, एवढं तिच्यातून कळायचं. पुढची वीसेक वर्षं जगभरातल्या मोठ्या कर्करोग केंद्रांत ही रीत चालली आणि हजारो माणसं प्लीहेविना घरी गेली.

डॉक्टरांपाशी त्याला सबळ कारण होतं. हॉजकिन लिम्फोमा हा लसिका ग्रंथींचा कर्करोग. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली त्याचं वर्णन केलं, तेव्हा निबंधाच्या शीर्षकातच ग्रंथींच्या जोडीनं प्लीहेचा उल्लेख होता. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षं या आजारातून माणूस सहसा वाचत नसे. टोरांटोच्या व्हेरा पीटर्स यांनी १९५० साली दाखवून दिलं, की आजार मोजक्या जागी असताना पुरेसं रेडिएशन दिलं तर रुग्ण वर्षानुवर्षं जगतात. स्टॅनफर्डमध्ये हेन्री कॅप्लन यांनी लिनिअर ॲक्सिलरेटरच्या मदतीनं हा उपचार आणखी नेमका केला. त्यांच्या जोडीला सॉल रोझेनबर्ग होते. हॉजकिनचा आजार बहुधा एका ग्रंथिसमूहातून शेजारच्या समूहात सरकत जातो. तो कुठवर पोचलाय हे पक्कं कळलं, तर तेवढ्या भागावर आणि त्याच्या लगतच्या पट्ट्यावर किरण टाकून तो मुळासकट घालवता येईल, असा त्यांचा हिशोब होता. अंदाज चुकला तर पोटात राहून गेलेला आजार पुन्हा उसळणार.

पण पोटात बघायचं कसं? सीटी स्कॅन अजून यायचा होता. पावलावरच्या केसासारख्या बारीक लसिकावाहिनीत तेलकट द्रव्य सोडून एक्स-रे काढत. त्यात पोटाच्या मागच्या ग्रंथी दिसायच्या, प्लीहा मात्र दिसायची नाही. हातानं चाचपून काढलेला निष्कर्ष तर वारंवार खोटा ठरे. बरगडीखाली हाताला लागणारी, वाढलेली प्लीहा काढल्यावर निरोगी निघायची, आणि अजिबात न लागणाऱ्या प्लीहेत आजार सापडायचा. म्हणून काढलेली प्लीहा प्रयोगशाळेत पावासारखी पातळ चकत्यांत कापत आणि एकेक चकती डोळ्यांखालून घालत. गडद लाल गराच्या त्या अवयवात कधी कधी एखादाच पांढुरका ठिपका असायचा, दोन-चार मिलिमीटरचा. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात या आजाराच्या खास रीड-स्टर्नबर्ग पेशी दिसल्या, की रुग्णाचा टप्पा बदलायचा आणि उपचारही बदलायचा. साधारण तिघांपैकी एका रुग्णाच्या बाबतीत असा बदल होई. हे प्रमाण पाहिलं की त्या काळच्या डॉक्टरांना ही शस्त्रक्रिया अपरिहार्य का वाटली ते समजतं. १९७१ साली ॲन आर्बर इथं या आजाराचे टप्पे ठरवणारी जी पद्धत मान्य झाली, तिच्यात शस्त्रक्रियेनंतर ठरलेला टप्पा वेगळा नोंदवण्याची सोयच होती.

उपचार लागू पडू लागले. पूर्वी जे दोन-तीन वर्षांत गेले असते ते बरे होऊन कामाला लागले, संसारात रमले. आणि मग त्यांच्यातल्या काहींच्या बाबतीत काही वेगळंच घडू लागलं. सकाळी कणकण, अंगदुखी, एखादी उलटी. फ्लू असेल म्हणून गोळी घेऊन माणूस पडून राहायचा. संध्याकाळपर्यंत रक्तदाब कोसळलेला, त्वचेवर जांभळे डाग, हातापायांची बोटं काळीनिळी. दोन दिवसांत, कित्येकदा एका दिवसातच, मृत्यू. कर्करोगाचा मागमूस नसलेला माणूस एका साध्या जंतूनं नेलेला. तो जंतू बहुतेक वेळा न्यूमोकॉकस असे, जो धडधाकट माणसांच्या घशातही काही न करता वस्तीला असतो.

१९७६ साली अमेरिकेतून अशा मुलांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. हॉजकिनच्या तपासणीसाठी प्लीहा काढलेल्या २०० मुलांपैकी १८ जणांना रक्तात जंतू पसरण्याचा किंवा मेंदूज्वराचा आजार झाला होता. सुमारे अकरांतलं एक मूल. ज्या आजारातून मुलं बरी होऊ लागली होती, त्याच्या तपासणीची ही किंमत होती.

हे का घडतं ते कळायला प्लीहेचं काम जवळून बघायला हवं. डाव्या बाजूला, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड दडलेला हा मुठीएवढा अवयव. वजन जेमतेम दीडशे ग्रॅम, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी जवळजवळ पाच टक्के रक्त त्याच्याकडे जातं. त्यातलं काही रक्त वाहिन्या सोडून मोकळ्या, जाळीदार गरात उतरतं आणि परत वाहिनीत शिरायला त्याला एक मायक्रॉनच्या आसपास रुंदीच्या फटींतून जावं लागतं. तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची. तरुण, लवचिक पेशी अंग चोरून पार होते. म्हातारी, ताठर झालेली अडकते आणि तिथं टपून बसलेल्या भक्षक पेशी तिला गिळतात. पेशीत काही नको असलेलं उरलं असेल तर तेवढंच काढून घेऊन तिला पुढं सोडण्याचंही काम इथं होतं. रक्त इथं रेंगाळतं, म्हणून त्यातले जंतूही भक्षक पेशींच्या तावडीत सापडतात.

न्यूमोकॉकस, हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी आणि मेनिंगोकॉकस या तीन जंतूंभोवती साखरेच्या लांब साखळ्यांचं कवच असतं. अंगाला तेल चोपडलेला पैलवान जसा पकडीत येत नाही, तसा हा जंतू भक्षक पेशीच्या हातून निसटतो. त्याच्यावर प्रतिपिंडं चिकटली, की मगच पकड बसते. प्रतिपिंडं भरपूर चिकटली असतील तर यकृतातल्या भक्षक पेशीही त्याला गिळू शकतात. शरीराची त्या जंतूशी ओळख नसेल आणि प्रतिपिंडं मोजकीच असतील, तर ते काम प्लीहेलाच जमतं. शिवाय ही पहिली प्रतिपिंडं घडवण्यातही प्लीहेचा मोठा वाटा आहे. तिच्या पांढऱ्या गराच्या कडेला बी पेशींचा एक खास पट्टा असतो. साखरेचं कवच ओळखायचं आणि इतर पेशींच्या मदतीची वाट न पाहता झटपट आयजीएम प्रकारची प्रतिपिंडं सोडायची, हे या पेशींचं वैशिष्ट्य. प्लीहा काढलेल्या माणसांच्या रक्तात अशा स्मृतिधारी आयजीएम पेशी फार कमी उरतात, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं.

म्हणजे प्लीहा गेली की एकाच घावात दोन गोष्टी जातात: जंतू ओळखून खूण करणारी यंत्रणा आणि खूण अर्धवट असली तरी त्याला पकडणारी जागा. मग रक्तात शिरलेला न्यूमोकॉकस बिनविरोध वाढतो. एरवी रक्तातला जंतू शोधायला रक्त पोषक द्रवात वाढवून वाट पाहावी लागते. प्लीहा नसलेल्या माणसाच्या रक्तात कधी कधी इतके जंतू असतात, की काचपट्टीवर पसरलेल्या रक्ताच्या थेंबातच ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. एकेक तास मोलाचा का, ते यावरून कळावं.

याची पूर्वसूचना नव्हती असं नाही. १९१९ साली मॉरिस आणि बुलक या दोघांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून, प्लीहा काढलेले प्राणी संसर्गाला लवकर बळी पडतात असं दाखवलं होतं आणि माणसांबाबतही सावध राहायला सांगितलं होतं. १९५२ साली अमेरिकेतल्या इंडियानात किंग आणि शुमॅकर यांनी पाच तान्ह्या मुलांची हकीगत छापली. रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी त्यांची प्लीहा काढली होती आणि नंतर त्यांना गंभीर संसर्ग झाले होते. तरीही मोठ्या माणसाला प्लीहेवाचून काही अडत नाही, ही समजूत बराच काळ टिकली. मला यातली एक गोष्ट खटकते. अपघातात फुटलेली प्लीहा काढल्यावर बहुतेक माणसं ठणठणीत राहतात, आणि त्यांच्याकडे बघून हा निष्कर्ष काढला गेला. लिम्फोमाच्या रुग्णाची स्थिती मुळातच वेगळी होती.

त्याच्या प्रतिकारशक्तीवर तीन घाव पडलेले असतात. पहिला आजाराचा. हॉजकिनमध्ये टी पेशींचं काम मंदावतं. १९०२ साली जॉन्स हॉपकिन्समध्ये डोरोथी रीड यांनी या आजाराच्या पेशींचं वर्णन केलं, त्याच सुमारास हे रुग्ण क्षयाच्या चाचणीला प्रतिसाद देत नाहीत हेही त्यांच्या ध्यानात आलं होतं. दुसरा घाव उपचाराचा. रेडिएशन आणि केमोथेरपी कर्करोगाच्या पेशींसोबत प्रतिपिंडं बनवणाऱ्या निरोगी पेशीही मारतात, आणि त्या घटलेल्या प्रतिपिंडांची भरपाई व्हायला वर्षं लागतात. प्लीहा काढणं हा तिसरा घाव. अपघातातून उठलेल्या माणसाला फक्त हाच सोसावा लागतो. बाकीची फळी त्याच्याकडे शाबूत असते. म्हणूनच प्लीहा काढल्यावर होणाऱ्या भयंकर संसर्गाचा धोका अपघातातल्या रुग्णांपेक्षा रक्ताच्या आणि लसिका ग्रंथींच्या आजारांत बराच जास्त असतो. पहिली दोन-तीन वर्षं सर्वांत धोक्याची. पण पुढं तो धोका शून्यावर येत नाही. दोन-तीन दशकांनी असा संसर्ग झालेले रुग्णही नोंदलेले आहेत.

१९७७ साली अमेरिकेत न्यूमोकॉकसच्या १४ प्रकारांविरुद्ध लस आली, तेव्हा प्रश्न सुटला असं वाटलं असणार. लगेच पुढच्या वर्षी बॉस्टनच्या संशोधकांनी दाखवलं, की हॉजकिनचा पूर्ण उपचार झालेल्या रुग्णांना ही लस दिली तर प्रतिपिंडं फार कमी बनतात, विशेषतः ज्यांना रेडिएशन आणि केमोथेरपी दोन्ही मिळाली त्यांच्यात. ज्यांना लसीची सर्वाधिक गरज, त्यांनाच ती लागू पडत नव्हती. पण १९८० साली दुसऱ्या एका पाहणीत उपचार सुरू होण्याआधीच लस टोचली गेली, आणि त्या रुग्णांचा प्रतिसाद चांगला आला. आजारानं टी पेशी कमजोर केल्या असल्या तरी साखरेच्या कवचाविरुद्ध प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी तोवर कामाच्या होत्या. या दोन पाहण्या शेजारी ठेवून वाचल्या की आजचा नियम आपोआप मिळतो: लस आधी, शस्त्रक्रिया आणि औषधं नंतर. मला या सगळ्या इतिहासात हाच टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो पाळायला नवं यंत्र किंवा महागडं औषध लागत नाही. लागतं ते नुसतं वेळेचं नियोजन. प्लीहा ठरवून काढायची असेल तर किमान दोन आठवडे आधी लसी व्हाव्यात. तातडीनं काढावी लागली तर साधारण दोन आठवड्यांनी द्याव्यात.

तपासणीसाठी पोट उघडण्याची रीत मात्र मावळली. सीटी स्कॅन आला. केमोथेरपीचे चांगले संच आले: अमेरिकेत व्हिन्सेंट डेव्हिटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मॉप, मग मिलानमध्ये ज्यानी बोनादोन्ना यांचा एबीव्हीडी. सगळ्या शरीरभर फिरणारं औषध द्यायचंच असेल, तर पोटात एक गाठ आहे की नाही याला पूर्वीइतकं महत्त्व उरत नाही. १९८०च्या दशकात युरोपातल्या कर्करोग संशोधन संघटनेनं सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांचे दोन गट केले. एकाचं पोट उघडून तपासणी केली, दुसऱ्याचं नाही. १९९३ साली निकाल छापून आले: शस्त्रक्रियेनं आयुष्य वाढलं नव्हतं, उलट काही मृत्यू त्या शस्त्रक्रियेमुळेच झाले होते. ती प्रथा संपायला हा निकाल पुरेसा ठरला. आज पेट स्कॅनवर प्लीहेतला आजार उजळलेला दिसतो आणि लिम्फोमाचे टप्पे ठरवणाऱ्या ल्युगानो वर्गीकरणात १३ सेंटिमीटरपेक्षा लांब प्लीहा वाढलेली धरतात. पोटावर चरा पडत नाही.

तरीही लिम्फोमा आणि प्लीहेविना जगणं यांचा संबंध संपलेला नाही. १९७० आणि ८०च्या दशकांत बरे झालेले रुग्ण आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांचे डॉक्टर निवृत्त झाले, फायली गेल्या, आणि पोटावरची जुनी खूण कशाची हे नव्या डॉक्टरांना ठाऊक नसतं. शिवाय काही लिम्फोमांत प्लीहा आजही काढावी लागते. प्लीहेतच सुरू होणाऱ्या मार्जिनल झोन लिम्फोमात हाच एकेकाळी मुख्य उपचार होता. आता रिटुक्सिमॅब या औषधामुळे बऱ्याच जणांची शस्त्रक्रिया टळते. मात्र रिटुक्सिमॅब बी पेशीच संपवतं, त्यामुळे ते दिल्यावर सहा महिने तरी लस नीट लागत नाही. शस्त्रक्रिया टळली तरी लस आधी हा नियम टळत नाही. दुसऱ्या बाजूला, प्लीहा काढलेली नसूनही निकामी झालेले रुग्ण आहेत. पोट न उघडता ज्यांच्या प्लीहेवर भरपूर रेडिएशन दिलं, त्यांची प्लीहा आक्रसून गेल्याचं स्टॅनफर्डच्याच डॉक्टरांनी १९८० साली नोंदवलं. कागदोपत्री तिथं प्लीहा असते, कामाला नसते.

हे ओळखण्याची खूण साध्या रक्त तपासणीत मिळते. नेहमीच्या रंगानं रंगवलेल्या काचपट्टीवर काही तांबड्या पेशींत एक गोल, गडद ठिपका दिसतो. तो पेशीच्या जुन्या केंद्रकाचा उरलेला कण. निरोगी प्लीहा तो काढून घेते. प्लीहा नसेल किंवा निकामी असेल तर तो तसाच राहतो. त्याला हॉवेल-जॉली बॉडी म्हणतात. लिम्फोमाच्या जुन्या रुग्णाच्या अहवालात हे शब्द आले तर डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारावं.

लसींबाबत थोडं नेमकं सांगतो. न्यूमोकॉकससाठी आधी प्रथिनाला जोडलेली कॉन्जुगेट लस देतात. साखरेच्या साखळीला प्रथिनाची जोड दिली की टी पेशीही मदतीला येतात आणि प्रतिसाद अधिक टिकतो. १३ प्रकारांची लस घेतली असेल तर किमान आठ आठवड्यांनी २३ प्रकारांची लस द्यायची पद्धत आहे. मेनिंगोकॉकसचे दोन डोस आणि दर पाच वर्षांनी पुन्हा एक, हिमोफिलस बीची लस, आणि दरवर्षी फ्लूची. फ्लू या यादीत येतो कारण त्याच्या पाठोपाठ न्यूमोकॉकस फुप्फुसात शिरतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं १० प्रकारांची न्यूमोकॉकल लस तयार केली आहे आणि भारताच्या राष्ट्रीय लसीकरणात आता बाळांना न्यूमोकॉकसची लस मिळते. मोठ्यांसाठी मात्र ती आपणहून मागून, बहुधा स्वतःच्या खर्चानं घ्यावी लागते. लहान मुलांना आणि जास्त धोका असलेल्या मोठ्यांना पेनिसिलिनच्या रोजच्या गोळ्याही देतात. किती वर्षं द्यायच्या याबाबत देशोदेशी फरक आहे. ते डॉक्टरांनीच ठरवावं.

लस सगळ्या प्रकारांना पुरत नाही आणि सगळ्यांना सारखी लागतही नाही. म्हणून प्लीहा नसलेल्या माणसाला आणखी दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. कुत्रा चावला तर रेबीजच्या लसीबरोबर प्रतिजैविकही त्याच दिवशी सुरू व्हायला हवं. कुत्र्याच्या लाळेत कॅप्नोसायटोफॅगा नावाचा जंतू असतो आणि प्लीहेविना तो जिवावर बेततो. दुसरी गोष्ट मलेरियाची. मलेरियाचे परजीवी शिरलेल्या तांबड्या पेशी गाळण्याचं काम प्लीहाच करते, म्हणूनच मलेरियात ती फुगते. गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या भागात राहणाऱ्या किंवा जाणाऱ्या अशा व्यक्तीनं मच्छरदाणी आणि प्रतिबंधक औषध यांत हयगय करू नये.

तुमच्या घरात लिम्फोमातून बरं झालेलं कुणी असेल, तर प्लीहा काढली होती का, किंवा पोटावर रेडिएशन झालं होतं का, हे आजच विचारा आणि एका कार्डावर लिहून त्यांच्या पाकिटात ठेवा. लसी कधी झाल्या तेही त्यावर नोंदवा. डॉक्टरांशी बोलून प्रतिजैविकाचा एक कोर्स घरात आणून ठेवा. ताप किंवा थंडी वाजू लागली तर पहिली गोळी लगेच द्या आणि त्याच पावली रुग्णालय गाठा, मग रात्रीचे दोन वाजले असले तरी. तिथं पोचल्यावर ताप किती हे सांगण्याआधी प्लीहा नाही हे सांगा.